तासातासाला एक प्रत

स्वतःच्या घरातला गळका नळ ज्याला अजून दुरुस्त करता आलेला नाही, त्या माणसाने घरात सर्व्हर बसवू नये, असा कायदा खरं तर कोणीतरी करायला हवा होता. तसा कायदा नाही, म्हणून तर पुढचं सगळं रामायण घडलं. ज्याच्या घरी नळ गळतो तोच गृहस्थ पाणीपुरवठा खात्यात नोकरीला असावा, हा आणखी एक विनोद. पण तो आता इतका शिळा झालाय, की घरात त्याला कोणी हसतसुद्धा नाही.

खात्यात त्यांना कार्बनराव म्हणत. कार्बन पेपर जगातून केव्हाच हद्दपार झाला. पण तीन प्रती केल्याशिवाय एक कागद कार्बनरावांच्या टेबलावरून हलेल तर शपथ! रजेचा अर्ज तीन प्रतींत, आजारपणाचा दाखला तीन प्रतींत. ‘कागदाचा वापर कमी करा’ असं परिपत्रक वरून आलं, तेव्हा त्याच्याही त्यांनी तीन प्रती काढल्या. एक फायलीला, एक कपाटाला आणि एक ‘असावी आपली’ म्हणून. हे नाव हळूहळू घरीही आलं. आता तर त्यांची सख्खी आईसुद्धा शेजाऱ्यांना सांगताना ‘आमचा कार्बन’ असंच म्हणते.

तर अशा माणसाच्या बायकोने शिवणक्लास काढायचं ठरवलं. कापडाच्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसून तिने उभं आयुष्य लोकांच्या पँटी आखूड करण्यात घालवलं होतं. मालक म्हणेल ते माप आणि मालक म्हणेल तो दोरा. एक दिवस तिने कात्री खाली ठेवली आणि नोकरीचा राजीनामा दिला. मालक असा हुशार, की दुसऱ्याच दिवशी तिच्या खुर्चीवर दुसरी बाई बसवून मोकळा झाला. म्हणजे परतीची वाट बंद. क्लास चालला तर चालला, नाहीतर घरी बसून गळक्या नळाखालची बादली बदलत राहायची.

क्लाससाठी हॉल हवा होता, आणि तसा हॉल वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर होता. अडचण एवढीच की तो हॉल नाचाच्या बाईंनाही हवा होता. वाचनालयाचे चिटणीस हे नियमाचे पक्के. त्यांनी निवाडा दिला : शिवणाचा अर्ज आधी आलाय, म्हणून पहिला हक्क शिवणाचा, पण शनिवारी संध्याकाळी सहाच्या आत पंधरा विद्यार्थी नोंदलेले दिसले पाहिजेत, नाहीतर हॉल नाचाला. आणि दिसले पाहिजेत म्हणजे पडद्यावर दिसले पाहिजेत. चिटणिसांच्या कचेरीत नुकताच एक भिंतभर पडदा आला होता. तेव्हापासून त्यांनी कागदाकडे बघणंच सोडलं होतं. पडद्यावर नाही ते जगात नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

म्हणजे वेबसाईट आली. आणि वेबसाईट म्हटल्यावर साडू आले.

कार्बनरावांचे साडू ‘क्लाउडमध्ये’ होते. म्हणजे नक्की काय करत होते हे त्यांच्या बायकोलाही माहीत नव्हतं. पण बोलताना ते खुर्चीत असे मागे रेलत, की ऐकणाऱ्याला आपण उगाच जमिनीवर राहतो असं वाटावं. ते म्हणाले, “वहिनी, दहा मिनिटांचं काम आहे. क्लाउडवर टाकतो, विसरून जा.”

हे ‘दहा मिनिटांचं काम’ कार्बनरावांच्या जिव्हारी लागलं. त्यांनी खात्याच्या लिलावातून जुना संगणक उचलून आणला होता, त्यावर लिनक्स नावाची फुकटची प्रणाली बसवली होती, आणि गेले काही महिने रोज ऑफिसातून आल्यावर ते त्या काळ्या पडद्याशी हितगुज करत होते. ते म्हणाले, “साडूभाऊ, आपली चीजवस्तू आपल्या डोळ्यांसमोर असावी. दुसऱ्याच्या माळ्यावर कशाला ठेवायची?”

“अहो, पण भावजी करतात म्हणताहेत तर...” बायको म्हणाली.

“माझ्यावर विश्वास आहे की नाही?”

आता या प्रश्नाला लग्नाच्या बायकोने काय उत्तर द्यायचं असतं? ती गप्प बसली. त्या गप्प बसण्याला कार्बनरावांनी होकार समजलं. नवरेमंडळींची ही चूक फार जुनी आहे.

खरं सांगायचं तर साईट चालली. उगाच खोटं कशाला बोला! शिलाई मशीनच्या टेबलाखाली तो संगणक घुं घुं करत बसला, आणि एकेक करत अकरा बायकांनी नावं नोंदवली. नाव आलं की बायकोच्या फोनवर टिंग वाजायचं, आणि तिचा चेहरा असा खुलायचा की कार्बनरावांना आपण ताजमहाल बांधल्यासारखं वाटायचं. ती नावं वहीत उतरवून घ्यायला निघाली, तर यांनी हात धरला.

“वही कशाला? मी प्रतींची सोय केली आहे. तासातासाला एक प्रत. सबंध कपाटाची. आपोआप!”

ही सोय म्हणजे कार्बनरावांच्या हयातीतली सर्वांत मोठी कामगिरी होती. दर तासाला सगळ्या सामानाची एक नक्कल होऊन बाजूला ठेवली जायची. ऑफिसात हे स्वतः करावं लागे, इथे यंत्र करत होतं. त्या समाधानात ते इतके गाढ झोपू लागले, की आईला वाटलं याला शुगर झाली.

शुक्रवारी सकाळी पहिला फोन आला. फॉर्म भरला, बटण दाबलं, तर ‘काहीतरी चुकले आहे. कृपया थोड्या वेळाने प्रयत्न करावा, ही नम्र विनंती’ असं आलं म्हणे. दुपारपर्यंत तर साईट उघडली की फक्त ती नम्र विनंतीच दिसू लागली. हे वाक्य कार्बनरावांनी स्वतः लिहिलेलं होतं. यंत्र आपलं आपण जे बोलतं ते फारच उर्मट असतं, लोकांना असं उघडंवाघडं दाखवणं बरं नाही, म्हणून काहीही बिघडलं तरी वर हे सभ्य वाक्य दिसावं अशी त्यांनी व्यवस्था केली होती. त्यामुळे आता काहीतरी चुकलंय एवढं साऱ्या गावाला कळलं, आणि काय चुकलंय ते खुद्द मालकालाही कळेना.

त्यांनी संगणक बंद करून चालू केला. नम्र विनंती. पुन्हा बंद करून चालू केला. नम्र विनंती. मग वायरी काढून, पुसून, फुंकर मारून परत लावल्या. वायरीला फुंकर मारून जगात आजवर काहीही सुधारलेलं नाही, पण माणसाला आपण प्रयत्न केले असं वाटतं.

“तापलाय बघ तो,” आई म्हणाली. आईच्या वैद्यकशास्त्रात प्रत्येक रोगाचं मूळ ताप हेच होतं. आणि संगणक तापला होता हे खरं. कारण त्याच्या पाठीवर आईने गुडघ्याच्या ओल्या पट्ट्या वाळत घातल्या होत्या.

“आई! अगं, हवा जायची भोकं आहेत ती!”

“म्हणूनच तर घातल्या. छान वाळतात. तू तरी त्याचा एवढाच उपयोग दाखव मला.”

पट्ट्या काढल्या, पंखा लावला, ताप उतरला. साईट तशीच.

मग त्यांनी इंटरनेट कंपनीला फोन लावला. पलीकडच्या मुलीने पत्ता विचारला, ग्राहक क्रमांक विचारला, जन्मतारीख विचारली आणि मग म्हणाली, “सर, राउटर बंद करून चालू करा.” कार्बनराव म्हणाले, ते केलं. ती म्हणाली, “माझ्यासमोर करा.” आता फोनवर समोर म्हणजे काय? पण केलं. राउटर बंद झाला, आणि त्याबरोबर त्यावरूनच चाललेला फोनही बंद झाला. परत लावला तर दुसरी मुलगी, आणि पुन्हा जन्मतारखेपासून सुरुवात. संध्याकाळी निरोप आला : ‘आपली तक्रार यशस्वीरीत्या बंद करण्यात आली आहे.’ तक्रार सुटली का, याबद्दल त्यात चकार शब्द नव्हता. कार्बनराव स्वतः सरकारी खात्यातले; ही भाषा त्यांना चांगलीच ओळखीची होती. इतकी वर्षं लोकांना ते तीच ऐकवत आले होते. पण स्वतःच्या कानावर पडल्यावर मात्र त्यांचं पित्त खवळलं.

शनिवारी सकाळी वरच्या मजल्यावरचे बँकवाले काका चहाला म्हणून आले आणि सल्लागार म्हणून बसले. निवृत्त होऊन त्यांना बराच काळ झाला होता, पण बँक त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. त्यांनी चहा बशीत ओतला, पडद्याकडे एक नजर टाकली आणि निदान केलं.

“परवानग्या! शंभर टक्के परवानग्यांचा घोळ. आमच्या शाखेत असंच झालं होतं. एका माणसाकडे किल्ली, दुसऱ्याकडे शिक्का, तिसरा रजेवर. काम ठप्प! तुम्ही एक करा, कार्बनराव. सगळ्यांना सगळे अधिकार देऊन टाका.”

“सगळ्यांना?”

“सगळ्यांना. सगळे. भानगडच नको.”

आता ज्या माणसाने जन्मभर तिजोऱ्या राखल्या तो म्हणतोय ‘सगळं उघडं टाका’, यावर कोणालाही शंका यायला हवी होती. पण बुडत्याला काडीचा आधार. कार्बनरावांनी सगळ्यांना सगळे अधिकार देणारी ओळ टाकली आणि बटण दाबलं. लिनक्स हे प्रकरण स्वाभिमानी आहे. घराची किल्ली पायपुसण्यावर ठेवलेली त्याला मुळीच खपत नाही. लांबून आत शिरायची किल्ली सगळ्यांसाठी खुली झाल्याचं दिसताच त्याने ती किल्लीच मानायला नकार दिला, आणि कार्बनरावांच्या लॅपटॉपला साफ ओळखेनासा झाला. इतका वेळ निदान आत जाऊन बिघाड बघता तरी येत होता. आता तेही गेलं. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

“हं,” बँकवाले काका बशी खाली ठेवत म्हणाले, “म्हणजे रोग परवानग्यांचाच होता, हे सिद्ध झालं.”

आता सर्व्हरला थेट पडदा जोडण्यावाचून इलाज नव्हता. आणि घरात पडदा म्हणजे एकच, आईचा टीव्ही. तो भिंतीवरून काढून शिलाईच्या टेबलावर उभा केला, तेव्हा आईची मालिका ऐन भरात होती आणि सुनेला तुरुंगात नेत होते. आईने कार्बनरावांकडे असं पाहिलं, की तुरुंगात त्यांना नेलं असतं तर तिची हरकत नसती.

“कर बाबा कर. बापानेही एकदा रेडिओ उघडला होता. अजून माळ्यावर आहे पिशवीत.”

बायको हे सगळं बघत होती. टेप गळ्यात, हातात कोणाचं तरी अर्धवट ब्लाऊज. दुपार झाली तेव्हा तिने शांतपणे विचारलं, “अहो, त्या अकराजणींची नावं तरी आहेत ना?”

“आहेत म्हणजे काय! तासातासाच्या प्रती आहेत.” आणि मान ताठ करून त्यांनी ताजी प्रत उघडली. तिच्या आत सगळं होतं. साईटची चित्रं होती, रंग होते, नम्र विनंती होती, कार्बनरावांचे जुने रजेचे अर्ज होते. आणि आदल्या तासाची प्रत होती. ती उघडली, तर तिच्यात त्याच्या आदल्या तासाची. तिच्यात त्याच्याही आदली. डब्यात डबा, डब्यात डबा, आणि पुढे कितीही डबे उघडा, नावांचा पत्ता नाही. नावं ठेवण्याचं कपाट निराळं होतं, आणि सबंध घराच्या नकला करणाऱ्या या गृहस्थाने तेवढं एक कपाट सोडलं होतं.

कार्बनरावांच्या तोंडचं पाणी पळालं. बायकोने त्यांचा चेहरा बघितला आणि सरळ बहिणीला फोन लावला. “भावजींना पाठव. आत्ता.”

घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं! साडू आले ते हसतच आले. शर्टाच्या बाह्या सरसावून खुर्चीवर बसले, दोन बोटं मोडली आणि टीव्हीवर भराभर काळ्यावर पांढरी अक्षरं धावायला लागली. पाहणाऱ्याला वाटावं, आता रोग स्वतःच माफी मागून जाईल.

“जुनाट माल आहे,” साडू म्हणाले. “सरळ पुसून टाकू. नव्याने बसवतो, मग क्लाउडवर नेतो. दहा मिनिटं.”

“पुसून म्हणजे?” बायकोने विचारलं.

“सगळं साफ. कोरी पाटी.”

“आणि नावं?”

“नावांचं काय वहिनी, परत मागवू.”

“अहो, अकरापैकी निम्म्या कोण कुठल्या, मला माहीतही नाहीत! दारावरची पाटी वाचून, कोणाचं ऐकून नाव नोंदवलेल्या. त्यांना मी कुठे शोधू? आणि वाजले किती बघा!”

चार केव्हाच वाजून गेले होते. साडू काहीतरी पुटपुटत पुन्हा अक्षरं पळवू लागले. बँकवाले काका म्हणाले, पुसण्याआधी वरिष्ठांची मंजुरी घेतलेली बरी. कार्बनराव म्हणाले, माझा मुळात याला विरोध होता. साडू म्हणाले, कशाला? तिघांचा असा वाद जुंपला की टीव्हीत काय चाललंय याकडे एकाचंही लक्ष उरलं नाही.

बायकोचं मात्र होतं. मोठा पडदा, ठसठशीत अक्षरं. कोपऱ्यात बसल्या जागेवरून तिला सगळं दिसत होतं.

“ते एक वाक्य सारखं सारखं येतंय,” ती म्हणाली.

“ते नेहमीचंच असतं वहिनी, त्याकडे लक्ष देऊ नका,” साडू म्हणाले.

“पण काय लिहिलंय?”

“अहो, हजार गोष्टी लिहिलेल्या असतात.”

“हजार नाही, एकच आहे. शेकडो वेळा आहे.” ती उठली, टीव्हीजवळ गेली आणि बोट ठेवून एकेक शब्द वाचू लागली. “नो... स्पेस... लेफ्ट... ऑन डिव्हाइस. म्हणजे आत जागा उरलेली नाही. हो ना?”

तीन शिकलेसवरलेले पुरुष दोन दिवस या यंत्राशी झुंजत होते. एकाने त्याला फुंकर मारली, एकाने त्याच्या किल्ल्या वाटल्या, एक ते पुसायला निघाला. पण ते काय सांगतंय हे वाचण्याचं कोणाच्या मनात आलं नव्हतं.

“जागा नाही?” कार्बनराव म्हणाले. “एवढी मोठी डिस्क! कशाने भरली?”

हे विचारतानाच त्यांना उत्तर कळलं. प्रतीच्या पोटात प्रत, तिच्या पोटात प्रत. दर तासाला घर फुगत चाललं होतं. नवं नाव लिहायला तसूभर जागा शिल्लक राहिली नव्हती, म्हणून नावांचं कपाटच उघडायला नकार देत होतं.

“म्हणजे पसारा झालाय,” बायको म्हणाली. “टाकून द्या.”

“काय टाकू?”

“त्या सगळ्या प्रती.”

सोपं आहे हो म्हणायला. पण या माणसाने आयुष्यात एक प्रत टाकलेली नव्हती. लग्नाच्या आधीची वीजबिलंसुद्धा घरात होती. शेवटची एक ठेवू का, असं त्यांनी विचारून पाहिलं. मग, निदान परवाची? मग, दुपारच्या तरी... बायको नुसती बघत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती ते पुसतही नव्हती. कार्बनरावांनी प्रती पुसायची ओळ लिहिली, तीनदा वाचली, डोळे मिटले आणि बटण दाबलं. नळावर अचानक दाब यावा तसा संगणक मोठ्याने घुरघुरला, आणि मग शांत झाला.

साडूंनी पुढे होऊन किल्ल्या पुन्हा जागच्या जागी लावल्या. तेवढं मात्र त्यांना खरंच येत होतं, हे कबूल केलं पाहिजे. साईट उघडली. नम्र विनंती गायब. आणि खाली एकाखाली एक, सुखरूप, अकरा नावं.

बायकोने पर्स उचलली आणि चपला अडकवून ती धावतच वाचनालयात गेली.

फोन आला तो साडेपाचला. मागे कोणीतरी घुंगरांची पिशवी आपटत होतं. “साईट दिसतेय पडद्यावर. छान दिसतेय. अकराच आहेत.” मग ती म्हणाली, “काल-आज ज्यांना यायचं होतं त्या वैतागून गेल्या असणार. नाचाच्या बाई समोर बसल्यात. राहू दे आता. तुम्ही खूप केलंत.”

आणि तिने फोन ठेवला. ओरडली असती तर कार्बनरावांना चाललं असतं. भांडली असती, सगळ्यांसमोर अब्रू काढली असती तर आणखी बरं वाटलं असतं. ‘तुम्ही खूप केलंत’ हे वाक्य मात्र त्यांच्या छातीत रुतून बसलं. खुर्चीत बसून ते त्या अकरा नावांकडे बघत राहिले. मग एकदम उठले, लॅपटॉप पुढे ओढला आणि स्वतःचं नाव टाइप करायला लागले.

“काय करताय?” साडूंनी विचारलं.

“क्लासला नाव घालतोय. तुमचंही घालायचंय. काका, तुमचंही.”

“मी? शिवण?” बँकवाले काका म्हणाले.

“बटण लावता येतं तुम्हाला?”

“नाही.”

“मग शिकायला नको?”

एवढं ठरलं खरं, पण फॉर्म कार्बनरावांनी बनवलेला होता. संपूर्ण नाव, कायमचा पत्ता, तात्पुरता पत्ता, दोन्ही एकच असल्यास तसे नमूद करावे, यापूर्वी सुई हाताळल्याचा अनुभव, असल्यास कोणाच्या देखरेखीखाली. प्रत्येक रकाना सक्तीचा. साडू रडकुंडीला आले. “हा फॉर्म केलाय कोणी हो? बायका आल्या नाहीत यात नवल नाही, अकरा आल्या हे नवल!” कार्बनरावांनी हा घाव मुकाट्याने सोसला. काकांचं नाव चढलं तेव्हा सहाला काहीच मिनिटं उरली होती, आणि झाली होती चौदा.

तिघांनीही एकदम आईकडे पाहिलं.

“मी नाही हो,” आई म्हणाली. “माझा टीव्ही आधी भिंतीवर लावा.”

“आई, लावतो. आत्ता लावतो. तुझ्या सुनेचा हॉल जाईल गं!”

“अगंबाई, मग आधी बोलायचंस! घाल नाव. आणि अनुभवात लिही, सासूच्या देखरेखीखाली.”

ईमेलचा रकाना रिकामा चालेना, कार्बनरावांचा पत्ता पुन्हा दिला तर ‘आधीच नोंदलेला आहे’ म्हणून परत येई. शेवटी त्यांनी आपल्या खात्याच्या तक्रार विभागाचा पत्ता घातला. “आई तिथेच शोभून दिसतील,” साडू म्हणाले, आणि तो फटका आईने ऐकूनही न ऐकल्यासारखा केला.

वाचनालयात काय झालं ते बायकोने नंतर सांगितलं. चिटणीस घड्याळाकडे बघत उठले होते. नाचाच्या बाईंनी पिशवी उचलली होती. आणि भिंतभर पडद्यावर एकाखाली एक नावं उगवायला लागली. पहिलं नाव नवऱ्याचं. तिला वाटलं, याने पुन्हा काहीतरी बिघडवलं. मग भावजींचं. मग काकांचं. मग सासूबाईंचं आलं तेव्हा ती खुर्चीत मटकन बसली आणि पदरात तोंड लपवून हसू लागली. हसता हसता रडलीसुद्धा.

“यात तीन पुरुष आहेत,” चिटणीस म्हणाले.

“असू देत,” ती डोळे पुसत म्हणाली. “शिवण पुरुषांना येत नाही म्हणून तर क्लास काढला.”

चिटणिसांनी हॉल दिला. पण ते नियमाचे पक्के! नोंदणी झाली त्या पंधराच्या पंधराजणांनी शेवटपर्यंत यायचं, मी स्वतः हजेरी बघेन, अशी अट घालूनच किल्ली दिली.

म्हणून आता वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर अकरा बायका आणि त्यांच्या मागे शेवटच्या बाकावर एक आई आणि तीन गृहस्थ असा वर्ग भरतो. बायका फ्रॉकपर्यंत पोचल्या आहेत. साडूंना अजून सुईत दोरा ओवता येत नाही, पण उजेडच कमी आहे असं त्यांचं मत आहे. काका दोन टाके घातले की शेजारणीला सल्ला देतात. आई कोणाला बोलू देत नाही.

पहिला धडा उशीच्या खोळीचा होता. कार्बनरावांनी तीन संध्याकाळी मान खाली घालून, जीभ दातांत धरून ती शिवली. इकडे तिकडे बघितलं नाही की कोणाला विचारलं नाही. शेवटी उभे राहून त्यांनी ती दोन्ही हातांनी बाईंपुढे, म्हणजे आपल्याच बायकोपुढे, धरली. बाईंनी खोळ घेतली, उलटी केली, सुलटी केली, कडेकडेने बोट फिरवत गेल्या आणि चारही कोपरे बघून झाल्यावर थांबल्या.

“चारही बाजूंनी शिवलीत. आता उशी आत घालणार कुठून?”

सगळा वर्ग हसला. साडू तर बाकावर डोकं टेकवून हसले. कार्बनरावांचे कान लाल झाले आणि त्यांनी खोळ परत घेण्यासाठी हात पुढे केला. पण बाईंनी ती सोडली नाही. त्यांनी एक टाका नखाने ओढून पाहिला, मग दुसरा, आणि इतक्या हळू आवाजात, की पुढच्या बाकालाही ऐकू जाऊ नये, म्हणाल्या, “शिवण मात्र अगदी सरळ आलीय हो.”